साखर सोडली, शुगर उतरली, मग वजन का अडलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, दोन वर्षांपासून टाइप २ मधुमेह, गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. पाच महिन्यांपूर्वी वजन ८४ किलो आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, ८.९ होती. चहातली साखर, गोड पदार्थ, थंड पेयं एका दिवसात बंद केली आणि रोज संध्याकाळी पाऊण तास चालणं सुरू केलं. वजन ७६ वर आलं, एचबीएवनसी ६.८ झालं. त्यानंतर मात्र सात आठवडे काटा ७६ च्या पुढे-मागेच हलतोय. ‘आता फळंही बंद करू का, की दिवसातून एकदाच जेवू? आणखी साखर कमी करायची तर कुठून करू?’ आणि शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: ‘संध्याकाळी पाचच्या सुमाराला आठवड्यातून तीन-चारदा हातपाय थरथरतात, घाम येतो, पण बिस्किटं खाल्ली की बरं वाटतं.’

मधुमेह असलेल्या लोकांच्या आहाराचं काम मी वीसेक वर्षं करतेय. लोक खरी अडचण बहुतेक वेळा अशी शेवटच्या ओळीत सांगतात. म्हणून तिथूनच सुरुवात करते. वजनापेक्षा ते तातडीचं आहे आणि वजनाशी त्याचा संबंधही आहे.

तुम्हाला जे होतंय तो बहुधा हायपो आहे, म्हणजे रक्तातली शुगर गरजेपेक्षा खाली जाणं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते. तुम्ही जेवलात की नाही, किती चाललात, याची ती वाट बघत नाही. हा डोस ठरला तेव्हा तुम्ही ८४ किलोच्या होतात, चहात साखर होती, चालणं नव्हतं. आता आठ किलो कमी झाले, साखर गेली, चालणं आलं आणि गोळी मात्र तेवढीच आहे. दुपारचं जेवण पचून गेलं की पाच वाजता शुगर खाली घसरणार, यात नवल नाही.

पुढच्या वेळी थरथरलं की आधी ग्लुकोमीटरवर बघा. आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर लगेच घ्या, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा अर्धा कप फळांचा रस. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. पुढचं जेवण लांब असेल तर शुगर वर आल्यावर थोडं काहीतरी खा. मीटर जवळ नसेल तर मोजायची वाट न बघता साखर घ्या. आणि शुगर सावरेपर्यंत गाडी चालवू नका.

बिस्किटं या कामाला वाईट. त्यांतल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोचते, तोवर माणूस घाबरून खातच राहतो. सात-आठ बिस्किटं म्हणजे जवळजवळ ३०० कॅलरी. तीन चमचे साखर म्हणजे ६०. आठवड्यातून चार वेळा हे घडलं तर फरक हजार कॅलरींच्या घरात जातो. गंमत बघा, साखर टाळण्याच्या धाकाने तुम्ही नेमकी ज्या क्षणी साखर औषध असते त्या क्षणी ती टाळताय आणि पाचपट खाताय.

मोजल्यावर आकडा ९०-९५ निघाला तरी गोंधळू नका. बराच काळ शुगर चढी राहिली की शरीराला तीच सवय होते आणि नॉर्मल आकड्यालाही ते हायपोसारखं वागतं. काही आठवड्यांत हे आपोआप निवळतं. दोन्ही शक्यतांसाठी एक काम मात्र याच आठवड्यात करायचं: पाच वाजताचे आकडे लिहून डॉक्टरांना दाखवायचे. गोळी स्वतःहून बंद करू नका, अर्धीही करू नका. डोस कमी करणं किंवा गोळी बदलणं हा निर्णय त्यांचा. त्यांना एवढं जरूर विचारा की वजन न वाढवणारा पर्याय मला चालेल का. ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्या, पायोग्लिटाझोन आणि इन्सुलिन यांचा कल वजन वाढवण्याकडे असतो, मेटफॉर्मिनचा तसा नसतो, आणि काही नव्या औषधांनी वजन उतरतं.

तेव्हा ‘एकदाच जेवू का’ याचं उत्तर इथेच देऊन टाकते: ही गोळी चालू असेपर्यंत मुळीच नाही.

आता अडलेल्या काट्याकडे येऊ. मराठीत आपण एक सोयीचा भेद करतो, डब्यातली ती साखर आणि रक्तातली ती शुगर. हा भेद इथे उपयोगी पडतो, कारण दोन्हींनी तुमचं वजन वेगवेगळ्या मार्गाने उतरवलं आणि दोन्ही मार्ग आता संपलेत.

आधी शुगरचा मार्ग, कारण तो फारसं कोणी सांगत नाही. एचबीएवनसी ८.९ म्हणजे रक्तातली सरासरी शुगर साधारण २१०. किडनी सुमारे १८० पर्यंत साखर रक्तात परत ओढून घेते, त्यावरची लघवीतून सोडून देते. म्हणजे पाच महिन्यांपूर्वी खाल्लेल्यातला काही भाग शरीराला न लागता रोज वाहून जात होता. २५-३० ग्रॅम जरी गेली असेल तरी ती १००-१२० कॅलरींची गळती झाली. उपचार न घेतलेला मधुमेही माणूस भरपूर खाऊनही वाळत जातो, त्यामागे हेही एक कारण असतं. आता तुमची सरासरी १५० च्या आत आली. गळती बुजली. जे खाल ते अंगी लागणार. काटा थांबण्यात या सुधारणेचा वाटा आहे, आणि हे वजन थांबण्याचं एकमेव कारण आहे ज्याचं मी रुग्णांचं अभिनंदन करते.

सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांतली घटही थोडी फसवी असते. यकृत आणि स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, ठेवतात आणि त्याच्या दर ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. खाणं एकदम कमी झालं की हा साठा उतरतो, पाणी जातं, काटा दीड-दोन किलो खाली येतो. ती चरबी नव्हे. पण मन तो वेग लक्षात ठेवतं आणि पुढचे सगळे आठवडे त्याच्याशी ताडून बघतं.

मग डब्यातली साखर. तुमच्या वर्णनावरून अंदाज धरते: चार कप चहा, कपाला दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा. ४० ग्रॅम झाले, म्हणजे १६० कॅलरी. दिवसाला ३३० मिलिलिटरचं एखादं कोलासारखं पेय असेल तर त्यात आणखी सुमारे ३५ ग्रॅम, १४० कॅलरी. एकूण ३०० कॅलरींची बचत, तीही पोट रिकामं न ठेवता. छान सौदा. पण ही बचत एकदाच मिळते. शून्यावर आणलेली साखर आणखी कमी करता येत नाही. तुम्ही ‘आणखी कुठून’ विचारताय तिथे डबा रिकामा झालाय.

दरम्यान शरीराचा खर्च उतरला. हलकं शरीर चालवायला कमी इंधन लागतं, शिवाय शरीर थोडी काटकसरही करतं. ढोबळ हिशोब असा की एक किलो उतरला की रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो. आठ किलोंचे १६० ते २४०. म्हणजे ३०० पैकी बराचसा भाग इथेच फिटला. उरलेला भूक खाऊन टाकते. २०१६ साली प्रसिद्ध झालेलं एक विश्लेषण मला फार आवडतं. मधुमेहाच्या एका औषधाने रुग्णांच्या लघवीतून रोज साखर जात होती, आणि आपल्या कॅलरी कमी होताहेत याची त्यांना जाणीवच नव्हती. कसलं डाएट नव्हतं, संयम नव्हता. तरीही वजन जसं उतरलं तसं त्यांचं खाणं वाढत गेलं: उतरलेल्या दर किलोमागे रोज सुमारे १०० कॅलरींची भूक. खर्चातल्या घटीपेक्षा ही तीन-चारपट मोठी आहे. अडलेल्या काट्यामागे ‘मंदावलेलं मेटाबॉलिझम’ शोधणाऱ्यांना मी हेच सांगते. चयापचय थोडं मंदावतं, हे खरं. भूक मात्र खूप वाढते, आणि ती ‘मी भूक आहे’ असं सांगून येत नाही. वाढताना अर्धा डाव जास्त पडतो, चव बघताना दोन घास जातात, एवढंच.

‘कमी खाल्लं की शरीर उपासमारीच्या अवस्थेत जातं आणि वजन उतरणंच थांबतं’ हेही तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं चयापचय खरोखर मंदावलं, पायांवर सूज येऊन पाणी साठलं, मनाची अवस्था फार वाईट झाली; पण वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलंच. शरीर खर्च कमी करतं, पण हवेतून चरबी बनवत नाही.

आता खरंच अडलंय का, हे तपासू. सात आठवडे म्हणजे बराच काळ, तरी माझा नियम असा: चार आठवड्यांची सरासरी आणि कंबरेचं माप, दोन्ही जागची हलली नसतील तरच अडलं म्हणायचं. मीठ जास्त झालं, बद्धकोष्ठता आहे, नवा व्यायाम सुरू केला, पाळीचे दिवस जवळ आले, यांतल्या कशानेही एक-दोन किलो पाणी धरून राहतं. शेहेचाळिसाव्या वर्षी पाळीचं चक्रही बेभरवशाचं होऊ लागतं. आठवड्यातून एकदा वजन करणाऱ्याला नेमका जड दिवस सापडतो आणि महिनाभराची उमेद जाते. त्यापेक्षा रोज सकाळी करा, आकडा लिहा आणि विसरा. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढा. कंबर पंधरा दिवसांनी मोजा. ती उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी असं धोरण ठेवलं तर हे माप तुमच्यासाठी काट्यापेक्षा जास्त बोलकं ठरेल, कारण पोटातली चरबीच शुगरला छळते.

समजा कंबरही थांबलीय. मग मी पहिला प्रश्न विचारते: साखर गेली, तिच्या जागी काय आलं?

जागा रिकामी राहत नाही. साखर सोडलेल्या लोकांच्या नोंदवह्या मी इतक्या वाचल्यात की मला त्या आता पानं न उलटता सांगता येतात. बिनसाखरेचा चहा गोड लागत नाही म्हणून त्यात दूध वाढतं. चार वाजता बदाम-अक्रोड येतात, ‘ते तर चांगलेच’. घरात शुगर-फ्री लिहिलेली बिस्किटं येतात, ज्यांत साखर नसते पण मैदा आणि तेल असतं आणि कॅलरी साध्या बिस्किटाच्या जवळपास तेवढ्याच असतात. साखरेऐवजी मध, खजूर येतात. आणि जेवताना एक मोकळीक येते: आज गोड काही खाल्लं नाही, मग एक वाटी जास्त चालेल. ही मोकळीक सगळ्यात महाग पडते.

पाकिटावरची भाषाही समजून घ्या. ‘साखर नाही’ असं छापलेल्या पदार्थात माल्टोडेक्स्ट्रिन असू शकतं. ते स्टार्चपासून बनतं, पौष्टिक माहितीच्या तक्त्यात साखरेच्या रकान्यात येत नाही, पण रक्तात मात्र साखरेच्याच वेगाने पोचतं. शुगर-फ्री चॉकलेटात बहुधा माल्टिटॉल असतं, ज्याच्या कॅलरी साखरेच्या साधारण निम्म्या आहेत, शून्य नाहीत. तुमच्यासाठी ‘एकूण कर्बोदकं’ आणि ‘कॅलरी’ हे दोन रकाने कामाचे. ‘साखर’ हा रकाना एकटा वाचला तर दिशाभूल होते.

२०१३ मध्ये वैद्यकीय नियतकालिक बीएमजेमध्ये साखर आणि वजनावरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा आला होता. लोकांनी साखर कमी केली आणि बाकी खाणं मोकळं ठेवलं तेव्हा वजन सरासरी ०.८ किलो उतरलं. पण साखर काढून तेवढ्याच कॅलरींची दुसरी कर्बोदकं दिली तेव्हा वजनात फरक पडला नाही. म्हणजे साखरेने वजन वाढतं ते तिच्या कॅलरींमुळे. त्या दुसऱ्या वाटेने आत आल्या की वजनाच्या दृष्टीने सगळं होतं तिथेच.

यात लबाडी नसते. १९९२ चा एक गाजलेला अभ्यास आहे: ‘आम्ही १२०० कॅलरींपेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असं म्हणणाऱ्या लोकांचं खाणं आणि खर्च प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजला. त्यांचं चयापचय व्यवस्थित होतं. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ती माणसं खोटं बोलत नव्हती. आपल्या सगळ्यांचाच अंदाज असा असतो. मी स्वतः रुग्णांना ‘मूठभर बदाम’ सांगायचे, ३० ग्रॅम धरून. एकदा माझी मूठ वजनकाट्यावर ठेवली तर ४८ ग्रॅम निघाले. १७५ कॅलरींच्या जागी २८०. त्या दिवसापासून मी कागदावर मूठ लिहिणं सोडलं.

तुम्ही काय करायचं, तर दहा दिवस काहीही न बदलता फक्त लिहायचं. त्यात एक सुट्टीचा दिवस यायलाच हवा. सगळं मोजायची गरज नाही. तीन गोष्टी मोजा: सुकामेवा, शिजवलेला भात किंवा जे काही मुख्य धान्य असेल ते, आणि दूध. तेल पातेल्यात मोजता येत नाही, त्यासाठी बाटलीवर पेनाने तारीख घाला आणि महिनाअखेर किती संपलं ते बघा. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज ३३ मिलिलिटर झालं, जवळपास २७० कॅलरी. ते तिसऱ्या हिश्शाने कमी केलं तर ९० कॅलरी सुटतात आणि चवीत फरक पडल्याचं घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. पाच वाजताची बिस्किटं औषध बदलल्यावर आपोआप जातील. सुकामेवा मोजून निम्मा करा. एवढ्यात २५०-३०० कॅलरी निघतात, जेवणाला हात न लावता. त्यातून महिन्याला साधारण एक किलो उतरेल. पहिल्या दोन महिन्यांशी याची तुलना करू नका.

पण नुसतं काढत राहिलात तर भूक पुन्हा वसूल करेल. काही तरी भरावंही लागतं, आणि ते म्हणजे प्रथिनं. पोट सर्वांत जास्त वेळ तीच धरून ठेवतात आणि वजन उतरताना स्नायू वाचवतात. आधी किडनीची तपासणी झालेली असू दे, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. दोन्ही ठीक असतील तर ७० किलोचं उद्दिष्ट धरून किलोला १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ८५ ग्रॅमच्या आसपास. ऐकायला सोपं, गाठायला अवघड. एका अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या डाळीत साधारण नऊ, १०० ग्रॅम शिजवलेल्या माशात किंवा चिकनमध्ये २२ ते २८, वाटीभर दह्यात जेमतेम पाच-सहा. शाकाहारी माणसाने डाळी वाढवल्या की सोबत कर्बोदकंही वाढतात. म्हणून तिथे डाळ वाढवताना भात तेवढा कमी करावा लागतो, नाहीतर शुगर बोलते. एका जेवणात सगळं कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळा २५-३० ग्रॅम जमवा. न्याहारीत जवळपास प्रत्येकाचं कमी पडतं, सुरुवात तिथून करा.

ताटात भाजी आणि प्रथिनं आधी, भात किंवा ब्रेड शेवटी खाल्ला तर जेवणानंतरची शुगर कमी चढते, असं छोट्या अभ्यासांत दिसलंय. फुकटचा उपाय आहे, करून बघा. फक्त त्याने वजन उतरेल अशी आशा ठेवू नका.

चालण्याबद्दल. पाऊण तास सलग चालता, चांगलंच आहे. पण तुमच्या बाबतीत ते संध्याकाळी आहे, गोळीचा जोर आणि रिकामं पोट असतानाच. ते फोडा आणि प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाला. २०१६ च्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेह असलेल्यांनी रोज अर्धा तास केव्हाही चालण्यापेक्षा तीन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची शुगर १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर फरक आणखी मोठा होता. उरलेला वेळ सुट्टीच्या दिवशी लांब चालायला वापरा.

आणि स्नायूंचा व्यायाम. ‘स्नायू वाढले की झोपेतही कॅलरी जळतात’ ही जाहिरातबाजी आहे. एक किलो स्नायू दिवसभर पडून राहिला तर १३ कॅलरींच्या आसपास खर्च करतो. दोन किलो स्नायू कमवायला वर्ष जाईल आणि बदल्यात एक बिस्कीट मिळेल. मग कशाला करायचा? कारण स्नायू ही शुगर ठेवायची सगळ्यात मोठी कोठी आहे. जेवणानंतरची बरीचशी साखर तिथेच जाते, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता ती ओढून घेतो. शिवाय नुसत्या खाण्यातून उतरवलेल्या वजनात ढोबळमानाने चौथा हिस्सा चरबीचा नसतो, स्नायूंसारख्या ऊतींचा असतो. तुमचे आठ किलो उतरताना व्यायाम फक्त चालण्याचा होता, म्हणजे दंड-खांद्यांचं नुकसान झालेलं असू शकतं. आठवड्यातून दोन-तीनदा वीस मिनिटं: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीवर हात टेकून दंड, रबरी पट्टा ओढणं, हातात वजन घेऊन उचलणं. शेवटची दोन आवर्तनं जड जायला हवीत, नाहीतर तो नुसता हातवारा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर आधी करून घ्या. पडद्याला मधुमेहाचा बराच त्रास झालेला असेल तर श्वास रोखून जोर लावणं धोक्याचं ठरतं. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर बूट तपासूनच घाला.

झोपेचं थोडक्यात. साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० जणांवरचा २०२२ चा एक अभ्यास आहे. झोप रोज सुमारे सव्वा तासाने वाढली आणि बाकी काहीही न सांगता त्यांचं खाणं दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी घटलं. तुम्ही घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. थायरॉइडची टीएसएच तपासणी झालेली नसेल तर तीही. सांधेदुखीसाठी स्टेरॉइड, नैराश्याच्या किंवा मज्जातंतूंच्या दुखण्याच्या काही गोळ्या चालू असतील तर त्यांचाही वजनावर परिणाम होतो.

गोडव्याच्या गोळ्या चहात चालतील का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत असं सुचवलं. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. माझं मत: एक-दोन कपांना हरकत नाही. पण पाच महिने तुम्ही फिका चहा प्यायला शिकलात, ती कमाई कशाला घालवायची?

मध्ये दोन आठवडे विश्रांती घेऊन, म्हणजे वजन टिकेल एवढं खाऊन पुन्हा सुरू करण्याचा एक प्रकार लोकप्रिय आहे. ५१ पुरुषांवरच्या एका अभ्यासात त्याने बराच फायदा दिसला, नंतरच्या काही अभ्यासांत दिसला नाही. थकला असाल तर जरूर घ्या, जादू समजून नको.

कुठवर जायचं, हे मात्र ठरवा. आठ किलो म्हणजे मूळ वजनाच्या साडेनऊ टक्के. एवढ्या घटीचा रक्तदाब, यकृत, गुडघे या सगळ्यांना फायदा होतो. इथे थांबून वर्षभर ७६ टिकवलंत तरी मी ते यश मानेन. तरीही तुमच्या बाबतीत पुढे जायला एक ठोस कारण आहे. मधुमेह होऊन दोनच वर्षं झालीत. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासात सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेले आणि इन्सुलिन न घेणारे लोक होते. वजन उतरवण्याच्या कार्यक्रमातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधांशिवाय माघारी गेला. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. तुमच्यासाठी १५ किलो म्हणजे ६९ चा आकडा, निम्म्याहून जास्त अंतर तुम्ही कापलंय. पण त्या लोकांनी सुरुवातीचे तीन-पाच महिने ८५० कॅलरींच्या आसपासचा तयार द्रव आहार घेतला होता आणि मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, देखरेखीखाली. ते घरी स्वतःच्या मनाने करायचं नाही. डॉक्टरांशी बोलायला विषय म्हणून मात्र तो उत्तम आहे.

राहिली फळं. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची मार्गदर्शक सूचना रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ‘मुक्त साखर’ घ्या असं सांगते, शक्यतो ५ टक्क्यांच्याही आत. २००० कॅलरींच्या आहारात ते अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. त्यात चहातली साखर येते, मध येतो, फळांचा रसही येतो. अख्खं फळ येत नाही. तेव्हा दिवसाला मुठीएवढी दोन फळं, दोन वेगळ्या वेळांना, चावून खा. दुसरं फळ चार वाजता दह्यासोबत किंवा मोजलेल्या सुक्यामेव्यासोबत घेतलंत तर पाच वाजताचा खड्डाही थोडा उथळ होईल. रस फ्रिजमध्ये एक छोटी बाटली असू दे, फक्त मीटरने ७० च्या खालचा आकडा दाखवला, किंवा मीटर जवळ नसताना थरथरलं, की उघडायची.